यॉटवरची नोकरी आणि एका पानाचा बायोडेटा

वसईच्या गास, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव या पट्ट्यात कोणाच्या घरी ‘मुलगा काय करतो?’ असे विचारले आणि ‘शिपवर आहे’ असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कार्गो की क्रूझ? कार्गोची वाट सगळ्यांना पाठ आहे. जीपी रेटिंगचा कोर्स, सीडीसी (खलाशी-पुस्तक), मग कंपनी मिळेपर्यंत मुंबईच्या फेऱ्या. क्रूझची वाटही नवी नाही. हॉटेल मॅनेजमेंट, एजन्सीची मुलाखत, मेडिकल आणि सहा ते नऊ महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट. तिसरी वाट यॉटची. तिच्याबद्दल गावात कोणी फारसे बोलत नाही, कारण त्या वाटेने गेलेलेच थोडे. जे चौकशी करतात त्यांचीही गाडी बहुधा पहिल्याच थांब्यावर अडते, आणि तो थांबा म्हणजे बायोडेटा.

यॉट म्हणजे मालकाच्या स्वतःच्या सहलीसाठी ठेवलेली किंवा आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने दिली जाणारी बोट. शिडाची असेल नाहीतर इंजिनाची. या धंद्यात २४ मीटर ही महत्त्वाची रेषा आहे. त्याहून लांब बोट ‘मोठी यॉट’ ठरते आणि तिला सुरक्षेचे व मनुष्यबळाचे कडक नियम लागू होतात. साधारण ३० मीटरच्या यॉटवर पाच-सहा माणसे काम करतात, ५० मीटरच्या यॉटवर दहा-बारा, आणि १०० मीटरच्या पुढे गेलात की चाळीसच्या वर. डेकवर कॅप्टन, मेट, बोसन, डेकहँड, खाली इंजिनियर, आतल्या बाजूला चीफ स्टुअर्डेस, तिच्या हाताखालचे स्टुअर्ड-स्टुअर्डेस आणि शेफ. आपल्या जुन्या खलाशांचा सारंग तोच हा बोसन.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: १२. भाड्याने चालणाऱ्या बहुतेक यॉटवर १२पेक्षा जास्त पाहुणे घेता येत नाहीत. त्यापेक्षा जास्त घेतले की तिला प्रवासी जहाजाचे सगळे नियम लागतात. क्रूझवर तीन हजार पाहुण्यांची सवय झालेल्या माणसाने या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. बारा पाहुण्यांच्या दिमतीला बारा-पंधरा माणसे असतात. पाहुण्याला चहात साखर किती लागते, कोणत्या उशीवर झोप येते, मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे सगळे त्यांनी लक्षात ठेवायचे असते.

क्रूझ कंपनी एका वेळी शेकडो माणसे भरते. तिथे मुलाखतीला उभे राहिलात, इंग्रजी बरे बोललात आणि मेडिकल पास झालात तर कागदावर काय लिहिले होते याला फारसे महत्त्व उरत नाही. यॉटवर माणूस निवडतो तो खुद्द कॅप्टन, किंवा आतल्या कामासाठी चीफ स्टुअर्डेस. निवडलेला माणूस त्यांच्याच शेजारी, खाली-वर दोन बंक असलेल्या छोट्या केबिनमध्ये पुढचे कित्येक महिने राहणार असतो. त्यामुळे ‘याला काम येते का’ याच्या आधी त्यांच्या मनात दोन प्रश्न असतात. याला कायद्याने बोटीवर घेता येईल का, आणि याच्यासोबत राहता येईल का? चांगला यॉट बायोडेटा या दोन प्रश्नांची उत्तरे वरच्या अर्ध्या पानात देतो. आपल्याकडचा बायोडेटा नेमकी हीच उत्तरे देत नाही.

नालासोपारा स्टेशनजवळच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात जा आणि ‘बायोडेटा बनवून द्या’ म्हणा. दुकानदार एक तयार साचा उघडतो. वर वडिलांचे नाव, खाली जात-धर्म, वैवाहिक स्थिती, मुक्काम-पोस्ट-तालुका-जिल्हा असा पूर्ण पत्ता, दहावी-बारावीचे टक्के, छंद म्हणून क्रिकेट आणि संगीत. शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ अशी घोषणा आणि सही. सुरुवातीला ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवणे’ हा हेतू असतोच. हा कागद सरकारी कचेरीत चालेल, लग्नाच्या मध्यस्थालाही चालेल. पण फ्रान्समधल्या अँतीबच्या बंदरात बांधलेल्या बोटीवरच्या कॅप्टनला त्यातली एकही ओळ उपयोगी नाही. धर्म आणि जात तर काढाच. तिथे तो प्रश्नच नाही, आणि विचारला गेला तर ती नोकरी तशीही घेण्यासारखी नाही.

उलट, आपण जे लिहायला संकोचतो ते तिथे आधी हवे असते. नावाखाली कोणत्या कामासाठी अर्ज आहे ते: डेकहँड, ज्युनियर स्टुअर्डेस, क्रू शेफ. मग जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, सध्या कुठे आहात, कधीपासून येऊ शकता. पासपोर्टची वैधता आणि हातात असलेले व्हिसा. सिगारेट ओढता का. अंगावर दिसेल असा टॅटू आहे का. मेडिकल कधीपर्यंतचे. भाषा. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर देशाच्या कोडासह. आपल्या नोकरीच्या बाजारात सिगारेटचा प्रश्न कागदावर कोणी विचारला तर उद्धटपणा वाटेल. पण सागवानी डेकवर पडलेली एक ठिणगी किती महाग पडते, हे ज्याच्या बोटीचा डेक आहे त्याला विचारा.

फोटो हवा आणि तो हसरा हवा. पासपोर्टचा निळ्या पडद्यासमोरचा गंभीर चेहरा नको, लग्नातला सूट नको, गॉगल तर नकोच. पांढरा किंवा गडद निळा पोलो टीशर्ट, नीट विंचरलेले केस, मागे स्वच्छ उजेड. भुईगावच्या किनाऱ्यावर सकाळी सातला मोबाइलवर काढलेला फोटो स्टुडिओतल्यापेक्षा चांगला येतो.

आता अनुभवाचा भाग. इथे कल्पनेने एक तरुण घेऊ. गासचा, सव्वीस वर्षांचा, क्रूझवर तीन कॉन्ट्रॅक्ट केलेला, गॅलीत असिस्टंट कुक. त्याच्या बायोडेटात लिहिलेले असते: ‘असिस्टंट कुक म्हणून काम केले. अन्न तयार करण्याची जबाबदारी. संघात काम करण्याची क्षमता.’ यातून काही कळत नाही. क्रूझच्या गॅलीत कामे तुकड्यांत वाटलेली असतात. एक माणूस सहा महिने फक्त सॉस करतो, दुसरा फक्त मासे साफ करून तुकडे करतो. यॉटचा शेफ किंवा क्रू शेफ एकटाच सकाळचा ब्रेड भाजतो, दुपारी क्रूचे जेवण काढतो, संध्याकाळी पाहुण्यांसाठी पाच पदार्थ वाढतो आणि शिवाय बाजारही करतो. म्हणून या तरुणाने लिहायला हवे ते असे: कोणते जहाज, किती पाहुणे, मी कोणत्या विभागात, तिथे कोणते पदार्थ स्वतः केले, क्रू मेससाठी किती जणांचे जेवण एकट्याने काढले. आणि घरी आल्यावर गावातल्या लग्नांत केटररबरोबर शेकडो माणसांचे जेवण उठवले असेल तर तेही, एका ओळीत, वर्षासह. ते काम खरे आहे. ते लाजण्यासारखे नाही आणि त्यातून माणसाची ताकद कळते. अन्नस्वच्छतेचे प्रमाणपत्र असेल तर त्याची पातळी आणि साल. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात दहा किंवा त्याहून जास्त क्रू असलेल्या जहाजावर प्रशिक्षित स्वयंपाकी असावा, अशी अट आहे. त्यामुळे ‘शिप्स कुक’चे प्रमाणपत्र असेल तर ते दुसऱ्या पानावर ढकलू नका.

डेकसाठी अर्ज करणाऱ्याचे वेगळे. गास हे वाड्यांचे गाव आहे, कोळीवाडा नव्हे. तरीही वाडीत वाढलेल्या मुलाच्या हाताला जी कामे येतात त्यांची यादी केली तर बोसन खूश होईल. पंपाची मोटर उघडून बसवणे, पाइपलाइन जोडणे, रंगकाम, सुतारकीची जुजबी हत्यारे, बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, लहानपणापासून पोहणे. यातले एकही आपण बायोडेटात लिहीत नाही, कारण शाळेने त्याचे सर्टिफिकेट दिले नाही. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या नातेवाइकाबरोबर मासेमारीच्या बोटीवर गेला असाल तर बोटीची लांबी, इंजिन, किती हंगाम आणि दोर, नांगर, रात्रीची पाळी यांपैकी काय काय केले ते लिहा. पाण्यात आधी काम केले आहे आणि बोट लागत नाही, एवढे कळले तरी नवख्या डेकहँडच्या अर्जाला वजन येते.

आधी यॉटवर काम झाले असेल तर लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे: बोटीचे नाव, मोटर की शिडाची, किती मीटर, खासगी की भाड्याची, कोणत्या समुद्रात फिरली, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. अनेक मालक गुप्ततेचा करार करून घेतात. तशा बोटीचे नाव न लिहिता ‘खासगी मोटर यॉट, ५० मीटर, भूमध्य समुद्र’ एवढेच लिहावे. नाव उघड करून रुबाब दाखवणाऱ्याला पुढचा कॅप्टन घेत नाही. आज त्या मालकाचे उघड केले तर उद्या माझ्या मालकाचेही करेल, असा साधा हिशेब तो करतो.

भाषांची ओळ आपण फुकट घालवतो. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहींना कोकणी, क्रूझवरून आलेल्यांना थोडी स्पॅनिश किंवा इटालियन. प्रत्येकीपुढे बोलता येते की फक्त समजते ते लिहावे. वसईचा गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात जपानला गेला, तिथली भाषा शिकला, आणि पुढे मनिलाहून फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानकडे निघाले तेव्हा त्याला दुभाषा म्हणून सोबत नेले गेले. १५९७ साली नागासाकीला तो क्रुसावर गेला, संतपद १८६२ साली मिळाले. त्याची आठवण आपण श्रद्धेपोटी काढतो, आणि तसेच काढावी. पण त्याला त्या गलबतावर जागा मिळवून दिली ती भाषेने, हेही खरे.

मुलींसाठी ही वाट क्रूझपेक्षा जास्त मोकळी आहे, असे माझे मत. आतल्या कामात बायकांची संख्या मोठी असते. वसईतल्या अनेक घरांत एक तरी मुलगी नर्स आहे. मोठ्या यॉटवर नर्सिंगचे शिक्षण असलेली स्टुअर्डेस खास मागितली जाते. ब्युटिशियन, मसाज थेरपिस्ट, बालवाडी शिक्षिका यांनाही तेच लागू. अशा वेळी नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि अतिदक्षता किंवा बालरोग विभागातला अनुभव वर घ्यावा, टेबल मांडण्याचा कोर्स खाली.

आणि अनुभव काहीच नसेल तर? इथे एका मराठी माणसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून ते मे २०१०मध्ये परतले. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले आणि केप टाउन असे चार थांबे. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली. पण त्याआधी, २००६ साली, जगाला न थांबता पहिली एकहाती प्रदक्षिणा घालणारे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एका जागतिक शर्यतीच्या तयारीत होते, तेव्हा दोंदे त्यांच्या किनाऱ्यावरच्या मदतनीसांत काम करत होते. नौदलाचा अधिकारी बोट घासायला, दोर लावायला, सामान चढवायला गेला, कारण बोट कशी राखतात ते बोटीवरच कळते.

यॉटच्या धंद्यात अशा सुट्या रोजंदारीला ‘डेवर्क’ म्हणतात. फ्रान्समधले अँतीब, स्पेनमधले पाल्मा, अमेरिकेतले फोर्ट लॉडरडेल या बंदरांत गोरी पोरे सकाळी बायोडेटाच्या प्रती घेऊन धक्क्यावरून फिरतात आणि बोटीबोटीला काम विचारतात. मराठीत यावरचे व्हिडिओ पाहून कोणी तिकीट काढत असेल तर थांबा. शेंगेनच्या पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन काम करणे बेकायदा आहे, आणि भारतीय पासपोर्टवर पकडले गेलात तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर त्याची सावली पडते. आपल्यासाठी डेवर्कची जागा जवळ आहे. गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या खासगी बोटी, मांडवा, गोवा, कोची. पावसाळ्यापूर्वी बोटी बाहेर काढतात तेव्हा आणि पावसाळा संपून त्या पुन्हा पाण्यात सोडतात तेव्हा हात कमी पडतात. तिथे घालवलेला एक हंगाम आणि तिथल्या कॅप्टनचे नाव-नंबर, एवढे झाले की बायोडेटात ‘संदर्भ’ या मथळ्याखाली लिहिण्यासारखे काही येते. ‘मागितल्यास संदर्भ देऊ’ ही ओळ यॉटच्या बायोडेटात लिहू नये. संदर्भ लगेच तपासतात, बरेचदा फोन करून. म्हणून ज्यांची नावे दिली त्यांना आधी विचारलेले असावे.

आता कागदपत्रे. सगळ्यात आधी मेडिकल, कोर्सच्याही आधी. डेकवर काम करायचे तर रंग ओळखता आले पाहिजेत, कारण रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसतो की हिरवा यावर वळण ठरते. रंगांधळेपणा असल्याचे अनेकांना तपासणीपर्यंत माहीत नसते, आणि तोपर्यंत कोर्सचे पैसे भरून झालेले असतात. ब्रिटिश परंपरेच्या झेंड्यांखालच्या यॉटवर, म्हणजे केमन, आइल ऑफ मॅन, बर्म्युडा वगैरे, ‘ईएनजी-वन’ नावाचे मेडिकल मागतात. ते ब्रिटिश सागरी खात्याने मान्य केलेला डॉक्टरच देऊ शकतो आणि ते जास्तीत जास्त दोन वर्षे चालते.

मग एसटीसीडब्ल्यू. समुद्रावर काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा हा आंतरराष्ट्रीय करार १९७८चा, २०१०मध्ये मनिला येथे मोठा सुधारलेला. त्यातले पायाभूत चार भाग म्हणजे पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्राथमिक उपचार, आणि वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी. त्याला जोडून सुरक्षा-दक्षतेचा कोर्स. कोर्स नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच करावा. मुंबईत अशा संस्था आहेत. पाण्यातल्या आणि आगीच्या प्रशिक्षणाची उजळणी दर पाच वर्षांनी लागते, म्हणून बायोडेटात प्रत्येक प्रमाणपत्रापुढे ते कधी संपते तेही लिहा. क्रूझवरून आलेल्यांचे हे कोर्स झालेले असतात. फक्त तारखा तपासायच्या. सीडीसी यॉटवर दर वेळी मागतात असे नाही, पण खलाशी म्हणून व्हिसा काढताना आणि विमानतळावर ती उपयोगी पडते. परदेशी झेंड्याच्या बोटीला आपले प्रमाणपत्र चालते का, हे नेमणूक पक्की होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. पुढे पैसे उरले तर छोटी मोटरबोट चालवण्याचा कोर्स डेकवाल्याने आणि वाइनचा पायाभूत कोर्स आतल्या कामाच्या उमेदवाराने करावा. सुरुवातीलाच सगळे कोर्स करून मोकळे होण्याची घाई नको.

व्हिसाबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. यॉटच्या धंद्यात भारतीय माणसे कमी दिसतात याचे मोठे कारण कौशल्य नव्हे, पासपोर्ट आहे. कॅप्टनला उद्या सकाळी डेकहँड हवा असतो आणि दक्षिण फ्रान्समध्ये उभा असलेला युरोपियन मुलगा तासाभरात चढतो. आपला माणूस चढायला आठवडे लागतात. त्यामुळे ज्याच्याकडे अमेरिकेचा बी-वन/बी-टू व्हिसा आधीच आहे त्याने तो नावाच्या लगेच खाली लिहावा. परदेशी झेंड्याच्या यॉटवर अमेरिकेच्या पाण्यात जास्त काळ राहणाऱ्या क्रूला हाच व्हिसा लागतो. कार्गो आणि क्रूझवाल्यांचा सी-वन/डी त्यासाठी पुरत नाही, कारण तो २९ दिवसांपुरता मुक्काम देतो. शिपवर गेलेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा सी-वन/डीचाच शिक्का असतो आणि ‘माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे’ असे सरसकट लिहिले जाते. नेमका प्रकार लिहा. हातात कुठलाच व्हिसा नसेल तर आधी आखाताकडे पाहणे शहाणपणाचे. दुबईच्या मरीनांमध्ये रोजगार व्हिसावर भारतीयांना घेतात. तिथे एक-दोन वर्षे नीट काढली की युरोपातल्या कॅप्टनपुढे ठेवायला यॉटचा खरा अनुभव तयार होतो. मर्चंट नेव्हीतून आलेले इंजिनियर आणि हाताला चव असलेले शेफ यांना मोठ्या यॉटवर व्हिसाची वाट पाहूनही घेतात, कारण असे लोक सहज मिळत नाहीत.

आणि एजंट. वसई-विरारमध्ये शिपच्या नावाने पैसे बुडालेले घर शोधायला लांब जावे लागत नाही. नियम स्पष्ट आहे. सागरी कामगार करार २००६ भारताने २०१५मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून फी घेता येत नाही. पासपोर्ट, खलाशी-पुस्तक आणि मेडिकल यांचा खर्च तेवढा माणसाचा स्वतःचा. भारतातून परदेशी जहाजावर माणसे पाठवणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. परवान्याचा नंबर विचारा, घरी येऊन तपासा. ‘यॉट म्हणजे शिप नाही, म्हणून परवाना लागत नाही’ असे कोणी सांगितले तर तिथून उठा. वर्षभरात जगात वाऱ्यावर सोडल्या गेलेल्या खलाशांची मोजदाद आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ करतो, आणि २०२४च्या मोजणीत त्यांत सगळ्यात जास्त भारतीय होते. खासगी, भाड्याने न दिल्या जाणाऱ्या यॉटला सागरी कामगार कराराचे संरक्षण बहुधा लागूच होत नाही. अशा बोटीवर जाताना करारपत्रात पगार, रजा, परतीचे तिकीट आणि आजारपणाचा विमा हे चार शब्द दिसले पाहिजेत.

बायोडेटा एकच पान, फार तर दोन, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचे नाव आणि पद. ‘फायनल बायोडेटा न्यू टू’ या नावाची फाइल उघडण्याआधीच मत बनते. ईमेलच्या विषयात चार गोष्टी: पद, नाव, कधीपासून उपलब्ध, कोणता व्हिसा. मजकूर पाच-सहा ओळींचा, त्या बोटीसाठी लिहिलेला. दोनशे पत्ते एकत्र टाकून पाठवलेला अर्ज लगेच ओळखू येतो, आणि ‘आदरणीय सर/मॅडम’ची सुरुवात असेल तर आणखी लवकर. कॅप्टनचे नाव शोधा, नावाने लिहा. क्रू एजन्सीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले असेल तर दर पंधरवड्याला उपलब्धतेची तारीख ताजी करा. फेसबुक-इन्स्टावरचे बाटल्यांचे फोटो काढून टाका. अर्ज आवडला की कॅप्टन दुसरे काम तेच पाहण्याचे करतो.

वेळही साधावी लागते. भूमध्य समुद्राचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, म्हणून त्याची भरती फेब्रुवारी ते एप्रिल. कॅरिबियनचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल, त्याची भरती ऑक्टोबरच्या आसपास. याचा वसईकरांसाठी एक अर्थ आहे. कॅरिबियनमध्ये नाताळ आणि नववर्ष हेच सर्वांत गर्दीचे आणि सर्वांत कमाईचे पंधरा दिवस. मिडनाइट मासला घरी असायचेच, आणि जानेवारीत चुलत बहिणीच्या लग्नात नाचायचेच, असे ज्याचे ठरलेले आहे त्याने भूमध्य समुद्रच धरावा. कमाईचे आकडे गावात फुगवून सांगितले जातात. नवख्या डेकहँडला किंवा स्टुअर्डेसला महिना साधारण अडीच ते तीन हजार युरो मिळतात, राहणे-जेवण फुकट. भाड्याच्या बोटीवर वर टिप असते. भूमध्य समुद्रात ती भाड्याच्या साधारण ५ ते १५ टक्के धरतात आणि सगळ्या क्रूमध्ये वाटतात. पगाराच्या बदल्यात दिवसाचे चौदा तास आणि पाहुणे असेपर्यंत सुट्टी नाही.

एक शेवटचे काम बोटीवरून उतरताना करायचे असते आणि आपली मुले तेच विसरतात. कॅप्टनकडून समुद्रसेवेचा दाखला सही-शिक्क्यानिशी घ्या: बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, किती दिवस, त्यातले समुद्रावर किती. पुढे मेटच्या परीक्षेला बसताना हे दिवस मोजले जातात. नंतर फोन करून मागू म्हटले तर कॅप्टन बदललेला असतो, कधी बोट विकलेली असते.

आज रात्री बायोडेटा लिहायला बसणाऱ्याने आधी पासपोर्ट काढून त्याची मुदत पाहावी. वर्षाहून कमी उरली असेल तर पहिला अर्ज यॉटला नाही, पासपोर्ट कार्यालयाला करा.